वाड्यावर (आमच्या वस्तीत) पालकांचा वर्ग सुरू करायचाय, कोणी असं काही केलंय का?

अबोली_डिचोली:

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय कारण एक काम हातात घ्यायचंय आणि ते एकटीला झेपेल असं वाटत नाही.

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं कळेल. गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, बाहेर धो धो पाऊस, बालरथ (शाळेची बस) सात दहाला नाक्यावर येतो, नवरा रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला, सासूबाईंना गोळी द्यायची, धाकटी कडेवर आणि तव्यावर पोळे. मुलगा दुसरीत. मोजे घाल म्हणून त्याला चारदा सांगितलं, तो आपला खिडकीतून गटारात काय वाहत चाललंय ते बघत बसलेला. पाचव्या वेळी माझ्या हातात उलाथणं होतं, ते मी त्याच्या पोटरीवर मारलं. गरम होतं. गरम आहे हे मला ठाऊक होतं का? हो, होतं.

तो रडला नाही. त्याने गपचूप मोजा उचलला, घातला आणि डागाच्या वरपर्यंत ओढून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. सात वर्षांच्या पोराला कळलेलं की हे झाकायचं असतं. मी दारात उभी राहून बघत राहिले, बालरथ गेला, रोज हात करतो तो त्या दिवशी केला नाही.

त्या दिवशी मला कोणीही विचारलं असतं, शेजारणीने, शाळेतल्या बाईंनी, कोणीही, तर मी सगळं सांगून टाकलं असतं. कोणी विचारलं नाही आणि आपणहून सांगायला जागा नव्हती. नवऱ्याला सांगितलं चार दिवसांनी.

मग पेडण्याला माहेरी गेले तेव्हा वहिनी म्हणाली आमच्याकडे शनिवारी दुपारी आईबापांचा एक वर्ग चालतो, चल माझ्याबरोबर. आठ शनिवार होते, मी सहा गेले, म्हापशाहून बस बदलून. मला वाटलं कोणीतरी बाई माईक घेऊन मुलांना मारू नका म्हणून भाषण देईल. तसलं काही नव्हतं. चटई घालून गोल बसायचं, दहा बारा जणं, चहा बिस्किट. पहिल्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी जोड्या लावल्या, एकीने जमिनीवर बसायचं, दुसरीने अगदी अंगावर उभं राहून आपण घरी मुलांना जे ओरडतो तेच ओरडायचं. मी खाली बसले. समोरची बाई तशी गरीब स्वभावाची, हळूच म्हणाली, कितीदा सांगायचं गो तुला, अक्कल गहाण टाकलीस का. मी वर बघितलं तर मला तिचे गुडघे दिसत होते आणि हात. चेहरा फार लांब. नाटक आहे हे माहीत असून छातीत धडधडलं. मग बदलाबदली केली. त्यानंतर वर्गात कोणी पाच मिनिटं बोललं नाही.

बाकी सगळं साधंच होतं. रोज दहा मिनिटं मुलाबरोबर, खेळ तो ठरवणार, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि त्या दहा मिनिटांत शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. हे वाटतं तितकं सोपं नाही हां. पहिल्या दिवशी त्याने ट्रक घेतला आणि मी सवयीने विचारलं चाकं किती मोज बघू. तो ट्रक ठेवून उठून गेला. दुसऱ्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं तर त्याने मला सांगितलं की ट्रकमध्ये आजोबा आहेत आणि ते झोपलेत. (आजोबा गेले त्याला दीड वर्ष झालंय, त्यावर तो कधी एक शब्द बोलला नव्हता.)

आता मला हे आमच्या वाड्यावर सुरू करायचंय. कोणी केलंय का? जागा, माणसं, पैसे, कशापासून सुरुवात करू? आणि हे खरंच उपयोगाचं असतं की फक्त मला उपयोग झाला, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा.

साखळीकर:

अबोलीताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आधी नमस्कार. असं लिहायला छाती लागते.

पण मला एक प्रामाणिक शंका आहे. मी एकोणसत्तर वर्षांचा. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला की आम्ही चौघं भाऊ विहिरीमागे पळायचो. शाळेत मास्तर वेताची छडी ठेवायचे. आम्ही काही वाया गेलो नाही, दोघं सरकारी नोकरीत, एक बँकेत. वडिलांबद्दल आजही मनात आदरच आहे. आता हे परदेशी वर्ग येऊन सांगणार की मूल कसं वाढवायचं? आमच्या घरात आजीने वाढवलं सगळ्यांना, तिला कोणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. मुलांना धाकच नको म्हटलं तर उद्या तीच मुलं डोक्यावर बसतील, ते तर दिसतंच आहे आजूबाजूला. राग मानू नका, मनात आलं ते लिहिलं.

बालवाडीताई:

साखळीकर काका, राग कशाला. मी अंगणवाडीत एकोणीस वर्षं काम करते, तुमच्या वयाची माणसं रोज नातवाला सोडायला येतात आणि हेच बोलतात.

मला फक्त इतकं सांगायचंय की तुमच्या आजीच्या घरात माणसं किती होती ते मोजा. आई चिडली की मूल काकीकडे पळायचं, काकी चिडली तर आजीच्या पदराआड. आईला पण दम घ्यायला मिळायचा. आज माझ्या अंगणवाडीतली निम्मी मुलं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, बाप वेर्ण्याला नाहीतर कुंडईला कारखान्यात शिफ्टमध्ये, आई एकटी. तिला विहिरीमागे पळता येत नाही की मुलाला. अबोलीताईंच्या सकाळी घरात अजून दोन हात असते तर ते उलाथणं तव्यावरच राहिलं असतं. मला विचाराल तर आजी जे करायची तेच हा वर्ग करतो, चार माणसं गोळा करतो.

अबोलीताई, एक मात्र कळकळीने सांगते. हे आमच्या गळ्यात फुकट बांधू नका. सगळे म्हणतात अंगणवाडी आहेच, तिथेच घ्या, सेविका घेईल. आम्ही वजन घेतो, आहार वाटतो, मोबाईलवर माहिती भरतो, सर्व्हे असला की तो करतो. 2024 मध्ये केंद्राने शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी नवचेतना म्हणून आराखडा आणला, त्यात आईबापांनी घरी बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते महिन्यागणिक दिलंय, छान आहे ते, मला आवडलं. पण ते घरोघरी जाऊन सांगायला वेळ लागतो, आणि वेळ कोण देणार. जागा म्हणून अंगणवाडी जरूर वापरा, किल्ली मी देते. चालवायला दुसरं माणूस आणा, मी बसेन मदतीला.

आणि पालक सभेला बाप येत नाहीत. एकोणीस वर्षांत नियमाने आलेले बाप माझ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्याचा काहीतरी विचार करा.

पांढरी_छत्री:

मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षं. कुठे ते लिहीत नाही. अबोलीताई, तुम्ही विचारलंत उपयोग होतो का, तर मला जे माहीत आहे ते सांगते.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त तपासलेला प्रयोग अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा म्हणून गाव आहे, तिथे डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी 400 गरोदर बायका घेतल्या, बऱ्याचशा कमी वयाच्या, गरीब, एकट्या. काही जणींकडे नर्स जायची, बाळ पोटात असल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत. फक्त वजन काटा नाही, बाळ का रडतं, तुला झोप मिळते का, घरात कोण आहे, पुढे काय करायचं ठरवलंयस, असं सगळं बोलायची. पंधरा वर्षांनी बघितलं तर ज्यांच्याकडे नर्स गेली त्या घरांमध्ये मुलांवर अत्याचार किंवा हेळसांड झाल्याच्या नोंदी जवळपास निम्म्याने कमी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडले होते, कारण आपण वॉर्डात मूल आल्यावर बघतो, आणि त्या नर्सा मूल जन्मायच्या आधी घरात पोचलेल्या.

पण त्याच अभ्यासात पुढे एक गोष्ट निघाली ती पण सांगायला हवी. ज्या घरात नवरा बायकोला वारंवार मारत होता तिथे एवढ्या भेटी देऊनही मुलांच्या बाबतीत फरक पडला नाही. म्हणजे आईच मार खात असेल तर तिला शांत कसं राहायचं ते शिकवून काय होणार. तुमच्या वर्गात अशी बाई येणार, नक्की येणार, तिच्यासाठी वेगळी तयारी ठेवा.

आणि एक माझ्या कामातलं. बाळ चार पाच आठवड्यांचं झालं की रडणं वाढतं, दीड दोन महिन्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त, संध्याकाळी तर दोन दोन तास, मग तीन चार महिन्यांपर्यंत आपोआप कमी होत जातं. हे आईबापांना कोणी सांगतच नाही. त्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकतंय, नाहीतर बाळ हट्टी आहे. आणि मग कोणीतरी, बऱ्याचदा बाप, रात्री दोन वाजता त्याला दंडाला धरून गदागदा हलवतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान लेची असते, हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो, डोळ्यात होतो. बाहेरून एक ओरखडा नसतो. मी दोन बाळं अशी बघितलीत. एकाचा बाप बाहेर व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभा होता, वय असेल बावीस तेवीस. राक्षस नव्हता हो तो, तीन रात्री झोपला नव्हता.

त्याला कोणीतरी आधी एवढंच सांगायला हवं होतं की सहन होत नसेल तर बाळाला पाळण्यात उताणं ठेव, दार ओढ, अंगणात जा, दहा मिनिटांनी परत ये. रडण्याने बाळाला काही होत नाही.

खाणपट्टा:

इथे सगळ्या बायका बोलतायत म्हणून एक बाप लिहितो.

माझे खाणीचा माल वाहणारे दोन ट्रक होते. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केली आणि परत सगळं थांबलं. ट्रक दारात उभे, बँकेचा हप्ता चालू. सकाळी उठून कुठे जायचं नाही. मी आधी फक्त जत्रेला प्यायचो, मग रोज. मोठा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने एकदा फी मागितली आणि मी त्याला मारलं. फी मागितली म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. माझ्याकडे नव्हते पैसे आणि ते त्याच्या तोंडून ऐकणं मला सहन झालं नाही.

आता सहा वर्षं झाली दारू सोडून. मुलगा सतरा वर्षांचा आहे, बोलतो माझ्याशी, पण मी उठलो की तो पण उठतो. मागे पाऊल घेतो एक. त्याला कळत पण नसेल.

बालवाडीताई विचारतात बाप का येत नाहीत. मी सांगतो. एक म्हणजे वेळ, दुपारी तीन वाजता सभा ठेवली तर कोण बाप येणार. दुसरं म्हणजे तिथे गेल्यावर आपल्याला झापणार हे माहीत असतं. आणि तिसरं म्हणजे बापाच्या डोक्यात पैसा असतो आणि तिथे पैशावर कोणी बोलत नाही. मला कोणी म्हटलं असतं की ये, बँकेशी हप्त्याचं कसं बोलायचं ते बघू, आणि त्याच बैठकीत मुलांचं पण बोलू, तर मी गेलो असतो. नुसतं मुलांचं असतं तर नसतो गेलो.

आकडेवाला_पर्वरी:

खाणपट्टा दादा, तुम्ही जे म्हणताय ना ते दक्षिण आफ्रिकेत नेमकं तसंच केलंय. तिथे ईस्टर्न केप भागात दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सिनोवुयो टीन नावाचा कार्यक्रम झाला, सिनोवुयो म्हणजे त्यांच्या खोसा भाषेत आम्हाला आनंद आहे. चौदा सत्रं, पालक आणि मुलं दोघंही येणार. रागाचं, बोलण्याचं, नियम मिळून ठरवण्याचं सगळं होतं, आणि त्यातच घरचा जमाखर्च कसा लावायचा, उधारी कशी टाळायची हे पण. जे घर एखाद्या दिवशी आलं नाही त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन सांगून यायचं. 40 गावं वस्त्या, 552 कुटुंबं, चिठ्ठी टाकल्यासारखं करून काहींना कार्यक्रम दिला, काहींना नाही. 2018 ला निकाल आले. मारहाण कमी, पालकांचं व्यसन कमी, आणि घरची आर्थिक परिस्थिती पण जरा सुधारलेली. हे सगळं खेड्यातल्या साध्या माणसांनी चालवलं, कोणी मानसशास्त्राचे डॉक्टर नव्हते. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ याच पद्धतीचे कार्यक्रम गरीब देशांसाठी कमी खर्चात देतात आणि त्यांची पुस्तकं वापरायला फुकट आहेत. अबोलीताई, शून्यातून काही लिहीत बसू नका, ते घ्या आणि आपल्या भाषेत, आपल्या उदाहरणांनी करा.

साखळीकर काका, परदेशी म्हणून सगळं चांगलं असं मी पण म्हणत नाही. ट्रिपल पी म्हणून पालकांसाठीचा ऑस्ट्रेलियातला एक मोठा कार्यक्रम आहे, मॅट सँडर्स यांचा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात 18 काउंट्यांमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या) तो करून बघितला, निम्म्यांमध्ये कार्यक्रम, निम्म्यांमध्ये नाही. जिथे केला तिथे अत्याचाराच्या सिद्ध झालेल्या केसेस, मुलांना घरातून काढून दुसरीकडे ठेवायची वेळ, आणि जखमी होऊन हॉस्पिटलात येणारी मुलं, तिन्ही दुसऱ्या बाजूपेक्षा कमी. आणि तोच कार्यक्रम स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत शहरभर राबवला तर शहराच्या पातळीवर काही फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर कार्यक्रमाचं नाव बघू नये, लोक टिकतात का ते बघावं. पोस्टर लावून, एक दिवस हॉलमध्ये दोनशे माणसं बसवून, फोटो काढून काहीही होत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं.

काळा_कोट:

मी वकिली करते, मुलांच्या केसेस बघते. दोन चार गोष्टी कायद्याच्या, कारण वर्ग घेणाऱ्याला त्या माहीत नसतील तर पंचाईत होईल.

गोव्यात 2003 पासून स्वतःचा बाल कायदा आहे. 1991 ला मडगावात फ्रेडी पीट्सचं प्रकरण उघडकीला आलं, मुलांचा आश्रम चालवण्याच्या नावाखाली मुलांचं लैंगिक शोषण चालायचं, जुन्या लोकांना आठवत असेल. त्या धक्क्यानंतर इथे जी चळवळ झाली त्यातून हा कायदा आला, मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. शाळेत छडी मारायला या कायद्याने बंदी आहे, आणि देशभर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पण. म्हणजे साखळीकर काकांच्या मास्तरांना आज छडी उचलता येणार नाही.

घरात मात्र आईबापांनी मारू नये असं सरळ शब्दात सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायदा लागतो, पण रोजची थप्पड त्यात कुठे बसते यावर कोर्टात वाद घालावा लागतो. आणि केंद्र सरकारने 2007 मध्ये 13 राज्यांत जो अभ्यास केला, त्यात गोवा पण होतं, बारा हजारांवर मुलांना विचारलं, तर तीनातल्या दोन मुलांनी मारहाण होते म्हणून सांगितलं. आणि घरात ज्यांना मार बसतो त्यांच्यातल्या 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच. आपण मुलांना अनोळखी माणसापासून सावध राहायला शिकवतो.

स्वीडनने 1979 ला घरातल्या माराला पण बंदी घातली, जगात पहिल्यांदा. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी दुधाच्या खोक्यांवर तो कायदा छापला, म्हणजे सकाळी नाश्त्याला आईबाप आणि मुलं एकाच टेबलावर तेच वाचतायत. आईबापांना तुरुंगात टाकण्यासाठी तो केलेलाच नव्हता, सवय बदलायला केला होता.

आता वर्गाचं. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की इथलं बोलणं इथेच राहील, पण एखाद्या मुलाला धोका आहे असं दिसलं तर आम्हाला कळवावं लागेल. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे, प्रत्येकाला, फक्त डॉक्टर शिक्षकांना नाही, आणि न कळवणं हा गुन्हा. हे नंतर सांगितलंत तर विश्वासघात वाटतो लोकांना, आधी सांगितलं तर समजून घेतात. 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. तो फक्त पोलीस बोलवायला नाही, चिडलेल्या आईने स्वतः फोन करून मदत मागितली तरी चालतं.

वाळपई_माहेर:

मला भीती वेगळीच वाटते. वाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. मी तिथे उठून सांगितलं की मी मुलीला मारते, तर संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर पोचलं म्हणून समजा, आणि उद्या मुलीचं लग्न ठरवताना कोणीतरी ते काढणार. शहरातल्या बाईला हे कळणार नाही.

माझी डिलिव्हरी झाली तेव्हा मी दोन महिने नुसती रडत होते, बाळाला घ्यावंसं वाटत नव्हतं. सगळे म्हणाले दृष्ट लागली. मी कोणालाच सांगितलं नाही की एकदा बाळ रडत असताना त्याच्या तोंडावर उशी ठेवावी असं डोक्यात येऊन गेलं. आज पहिल्यांदा लिहितेय, नाव नाही म्हणून.

पांढरी_छत्री:

वाळपईताई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. असे विचार बाळंतपणानंतरच्या नैराश्यात येतात आणि तो आजार आहे, उपचाराने बरा होतो. अजून तसं कधी वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, बाळाला दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, एकट्या राहू नका.

आणि हे आपल्याच गोव्यात करून बघितलंय बरं का. संगाथ संस्था 1996 पासून इथे मानसिक आरोग्याचं काम करते. त्यांनी गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या नैराश्यासाठी आसपासच्याच साध्या बायकांना शिकवून घरी पाठवलं, ज्या स्वतः आया आहेत, भाषा तीच, चूल तीच. 280 बायकांवर अभ्यास झाला, 2019 ला छापून आला. फार मोठा चमत्कार नव्हता, पण ज्यांच्याकडे अशी बाई जात होती त्यांचा आजार जास्त प्रमाणात बरा झाला. ज्या आईला कोणी विचारतं ती बाळाला पण विचारते, एवढं तर मी वॉर्डात रोज बघते.

गावगप्पांचं तुम्ही म्हणता ते मात्र शंभर टक्के खरं. त्यावर मला एकच सुचतं, चालवणारी बाई दुसऱ्या गावची असावी.

अबोली_डिचोली:

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचं दोनदा वाचलं. वाळपईताई, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय, बघा.

साखळीकर काका, तुमच्यासाठी एक. धाक नको असं मी म्हणतच नाही, वर्गात पण कोणी म्हटलं नाही. नियम होतेच की. उलट ताईंनी शिकवलं की नियम थोडे ठेवा पण रोज तेच ठेवा, आज चालतं उद्या नाही असं करू नका. आणि नको ते सांगण्यापेक्षा काय कर ते सांगा. मी दिवसभर पळू नको, सांडू नको, ओरडू नको करायचे. आता म्हणते हळू चाल, दोन्ही हातांनी धर. ऐकतो तो, नेहमी नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त. आणि चांगलं केलं की नाव घेऊन सांगते, शहाणा आहेस असं मोघम नाही, तू छोटीचा पाळणा हलवलास त्यामुळे मला भाजी चिरता आली असं. तुमच्या वडिलांबद्दल तुम्हाला आदर आहे तो मारामुळे आहे की बाकीच्या गोष्टींमुळे, हे मात्र तुम्हीच सांगू शकाल.

साखळीकर:

दोन दिवस विचार करत होतो उत्तर द्यावं की नको.

वडील मला सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायचे. हे आठवलं तुमच्या प्रश्नाने. पट्ट्याचं आठवतं ते वेगळं आठवतं. विहिरीमागचा ओला वास अजून येतो मला आणि त्या वासाने अजून पोटात कळ येते, ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. आजच्या मुलांना फार सैल सोडलंय हे माझं मत कायम आहे. पण तुमचा वर्ग सुरू झाला तर आजोबांना बसू देणार का? सून कामाला जाते, दोन्ही नातू दिवसभर माझ्याकडे असतात. पालक म्हणजे नुसते आईबाप नव्हेत.

खाणपट्टा:

अबोलीताई, बापांसाठी रविवारी सकाळी नऊला ठेवा, त्याच्या आधी नको, फार उशिरा पण नको. नंतर क्रिकेट असतं नाहीतर कोणाचं तरी घर शाकारणी, बांधकाम. मी चार जणांना घेऊन येतो. एकटा बाप येणार नाही, चार आले तर येतील. आणि फळ्यावर पालक वर्ग असं लिहू नका, वाड्याची बैठक लिहा.

अबोली_डिचोली:

झालं सुरू! काल पहिली बैठक झाली, म्हणून ताजं ताजं लिहिते.

बालवाडीताईंसारख्याच आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी किल्ली दिली. चालवायला माझ्या पेडण्याच्या ताई आल्या, म्हणजे बाहेरगावच्या, त्यांचा बसचा खर्च आणि जेवण आमच्या बचत गटाने उचललं. बायका नऊ, पुरुष तीन, एक आजोबा (साखळीकर काका नव्हेत हां, आमच्याच वाड्यावरचे). लहान मुलांना शेजारच्या खोलीत दोन कॉलेजच्या मुलींनी सांभाळलं, ही सोय नसती तर निम्म्या बायका आल्या नसत्या, कोणी करणार असेल तर आधी ही सोय करा. कळवायच्या नियमाचं सुरुवातीलाच सांगितलं, कोणी उठून गेलं नाही.

पुरुषांना जोडीच्या खेळात खाली बसायला लाज वाटत होती. मग आजोबा आधी बसले, गुडघे धरत धरत, मग बाकीचे. त्यातला एकजण, तिशीतला असेल, वर बघितल्यावर म्हणाला, अरे हे तर माझ्या पप्पांसारखंच दिसतं. एवढंच बोलला.

घरी करायला एकच गोष्ट दिली, ती दहा मिनिटांची. बुधवारी मी सगळ्यांना फोन करून विचारणार आहे जमलं का.

एक अडचण आलीय. आमच्या वाड्याच्या टोकाला भाड्याच्या खोल्यांत बरीच कानडी कुटुंबं राहतात, बांधकामावर जाणारी. त्यातली एक बाई दारापर्यंत येऊन उभी राहिली, आत बोलावलं तर आली, पण मराठी कोकणी तिला थोडंच कळतं. तिची दोन मुलं, मोठी मुलगी आठ नऊ वर्षांची, तीच धाकट्याला सांभाळते दिवसभर. ती बाई पूर्ण वेळ बसली, सगळ्यांचे चेहरे बघत. पुढच्या रविवारी कोणी कानडी बोलणारी व्यक्ती मिळेल का? डिचोली बाजारापासून मी आणायची सोय करते.

बालवाडीताई:

माझी मदतनीस हुबळीकडची आहे, लग्न होऊन इथे आली त्याला वीस वर्षं झाली. विचारून आज रात्री सांगते. रविवारी तिला सुट्टी असते, पण सकाळी तिची मंडळी बाजाराला जातात, दहानंतर चालेल का?

अबोली_डिचोली:

चालेल. नाहीतर आपण साडेदहा करू, पुरुषांना विचारते.